स्पेलिंग पाठ न करता घरी इंग्रजी स्पेलिंग कसं शिकवताय?

उंबरठा:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं हे लिहायचं, आज लेक आजीकडे गेलीये म्हणून निवांत बसले.

लेक मराठी माध्यमात दुसरीत आहे. मराठी मस्त वाचते, जोडाक्षरंसुद्धा अडखळत नाही. इंग्रजी पहिलीपासून आहेच. पण स्पेलिंग म्हटलं की घरात रडारड. शाळेतून दर शुक्रवारी दहा शब्द येतात, सोमवारी डिक्टेशन, चुकलं की तो शब्द दहा वेळा लिहून आणायचा. दहा वेळा लिहूनही मंगळवारी विचारलं की परत चूक. मी पण आधी तेच केलं, सी-यू-पी कप, सी-यू-पी कप, पोळ्या लाटता लाटता म्हणवून घ्यायचे. दोन महिने गेले असे.

मग एक दिवस तिची वही घेऊन शांतपणे बसले आणि नुसत्या चुका वेगळ्या कागदावर उतरवून काढल्या. कॅट बरोबर. पेन बरोबर. पिन बरोबर, पॉट बरोबर. चुकलेले कुठले तर कप, बस, सन, मग, कट. आणि चूक प्रत्येक ठिकाणी एकच! कप म्हणजे के-पी, बस म्हणजे बी-एस, सन म्हणजे एस-एन. यू कुठेच नाही. मी तिला जवळ घेऊन विचारलं की अगं मधलं अक्षर कुठं गेलं, तर म्हणाली, "आई, कपमध्ये मधे काही नाहीच्चे. क आणि प. काना नाही मात्रा नाही."

मला खरंच दोन मिनिटं काही सुचेना. पोरगी बरोबर होती ना! मराठीत कप लिहिताना मधे काहीच नसतं. कॅटमध्ये चंद्र दिसतो, पेनमध्ये मात्रा दिसते, पिनमध्ये वेलांटी दिसते, म्हणून तिथं ती काहीतरी लिहायची. कपमधला अ कच्या पोटात लपलेला असतो, तो तिला ना दिसत होता ना ऐकू येत होता. आणि मी तिला दोन महिने "लक्ष कुठं असतं तुझं" म्हणून ओरडत होते. फार वाईट वाटलं त्या दिवशी.

तेव्हापासून पाठांतर बंद. आता काय करतोय ते सांगते. जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या मागच्या बाजूला तीन मोठी घरं आखली आणि वाटीभर चिंचोके घेतले. मी शब्द म्हणते, ती तो ताणून म्हणते आणि एका आवाजाला एक चिंचोका घरात सरकवते. पहिले तीन दिवस कपला दोनच चिंचोके सरकायचे. मग मी मराठीतूनच आत शिरले. क लिहिला, त्याचा पाय मोडला. "हा पाय मोडका क् कसा म्हणशील?" तर तिने घशातल्या घशात क् केलं. "आता याला बरा कर." तर "क" म्हणाली. "बरा करताना कोण आला?" यावर जरा विचार करून "अ आला" म्हणाली. झालं, गाडी सुटली तिथं. क्, अ, प्. तीन चिंचोके. मी तिला सांगितलं की मराठीत अ आत लपून बसतो, इंग्रजीत त्याला लपायला जागा नाही, त्याला स्वतःचं घर लागतं, आणि त्या घरात यू बसतो. तेव्हापासून या जातीच्या शब्दांत चूक जवळजवळ नाहीच.

चिंचोके बरोबर बसले की मगच अक्षरं. लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे चौकोन कापून अक्षरं केलीत, स्वर लाल, बाकी निळे. सुरुवात एस, ए, टी, पी, आय, एन या सहाच अक्षरांनी केली कारण सहांत खूप शब्द होतात, टॅप, टिप, पिन, पॅन, नॅप, सिट, स्पिन, पोरांना लगेच "मला येतं" वाटतं. अक्षर उचलताना त्याचं नाव नाही म्हणायचं, आवाज म्हणायचा. एस म्हणजे "स्स्स्". शेवटी रव्याच्या ताटात बोटाने लिहायचं. पेन्सिल सगळ्यात शेवटी.

आता माझे प्रश्न. एक, सी कधी आणि के कधी हे कसं सांगता? दोन, डक, बॅक मधे शेवटी सी-के दोन्ही का? आणि तुम्ही घरी अजून काय काय वापरता ते प्लीज लिहा.

नदीकाठ:

काय सुंदर लिहिलंय! तो कपचा किस्सा वाचून अंगावर काटा आला. आम्ही इंग्लंडमधे लेस्टरला असतो, इथं शाळेत पहिल्या दिवसापासून फोनिक्सच, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवणं. पहिलीच्या वर्षाअखेरी, म्हणजे जूनमध्ये, एक छोटी चाचणी असते, २०१२ पासून सुरू आहे, मूल शिक्षिकेसमोर बसून चाळीस शब्द वाचतं आणि त्यातले निम्मे शब्द खोटे असतात, म्हणजे ज्यांना काही अर्थच नाही असे. त्या शब्दाशेजारी परग्रहावरच्या प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे मुलांना कळतं की हे खोटं नाव आहे. मला आधी हे विचित्र वाटलं होतं पण मग कारण कळलं, खरा शब्द मूल पाठ करून किंवा अंदाजाने वाचू शकतं, खोट्या शब्दात आवाज जोडल्याशिवाय सुटकाच नाही.

हे घरी उलटं करून बघा. तुम्ही खोटा शब्द म्हणा, "नप", "टिब", "सॅन्प", आणि लेकीला चिंचोके सरकवून लिहायला लावा. खोट्या शब्दात पाठांतराला जागाच नाही त्यामुळे कान किती तयार झालाय ते लख्ख कळतं. आणि मुलांना आवडतं फार, आमच्याकडे अशा नावांचे प्राणी काढून भिंतीवर लावलेत.

एक महत्त्वाचं जे आम्हाला शाळेने पालकांना बसवून शिकवलं, आवाज म्हणताना मागे अ लावायचा नाही. एम म्हणजे "म" नाही, ओठ मिटून "म्म्म्". आपल्याला ही सवय मोडायला वेळ लागतो कारण आपण लहानपणापासून क ख ग म्हणतो, प्रत्येकात अ आहेच. मूल "क ॲ ट" असं म्हणायला लागलं तर जोडून "कअॅट" होतं, कॅट होत नाही. तुमची पाय मोडायची आयडिया म्हणूनच फार आवडली, हे इथल्या शिक्षिकांना सांगताच येत नाही, आपल्याला आयतं मिळालंय.

आमच्या मुलाची अडचण मात्र बरोब्बर उलटी आहे. तो इंग्रजी आधी शिकला, आता मी मराठी शिकवते तर "घर" लिहून दाखवलं की विचारतो यातला अ कुठाय, आणि मग घर म्हणताना शेवटच्या र मधे अ का नाही म्हणायचा. त्याला काय सांगू?

खडूफळा:

उंबरठाताई, मी जिल्हा परिषद शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. तुम्ही चुका वेगळ्या कागदावर उतरवल्या ना, तेच सगळ्यात मोठं काम केलंत. चुकीला कारण असतं, मूल उगाच काही लिहीत नाही.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, २०००-०१ पासून पहिलीला आलं. आम्हा शिक्षकांनाच तेव्हा आवाजाचं शिक्षण कुणी दिलेलं नव्हतं, आम्ही ए फॉर ॲपल करून पोरांकडून घोकून घ्यायचो. पुढे माझं मीच शिकत गेलो. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम वाचलं, त्यांनी १९४५ साली बोर्डीला सुरुवात केली आणि १९५७ ला कोसबाडला गेल्या, आदिवासी पाड्यांवर, विकतचं साहित्य तिथं येणार कुठून, तर आसपास जे मिळेल, शिंपले, बिया, पानं, दगड, त्यावर बालवाडी उभी केली. तुमची वाटीभर चिंचोक्यांची युक्ती त्याच घराण्यातली आहे. माँटेसरीबाईंच्या पद्धतीत खरखरीत कागदाची अक्षरं असतात, बोटाने गिरवायची आणि त्याच वेळी तोंडाने आवाज काढायचा. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मिळतो तो आणा, अक्षर कापा, पुठ्ठ्यावर चिकटवा. दोन बोटांनी गिरवायला सांगा. शिवाय त्यात मूल आधी सुटी अक्षरं मांडून शब्द "लिहितं", पेन्सिल नंतर येते. कारण हाताची बोटं तयार व्हायच्या आधी डोक्यात शब्द तयार असतो.

आता तुमचे प्रश्न. सीच्या पुढे ई, आय किंवा वाय आला की सीचा आवाज स् होतो. सेंट, सिटी, सायकल. म्हणून त्या तीन स्वरांपुढे क् हवा असेल तर के बोलवावा लागतो, किट, की, किड. बाकी ए, ओ, यूच्या पुढे सी, कॅट, कॉट, कप. काही शब्द याबाहेरचे आहेत पण दुसरीच्या मुलाला एवढं पुष्कळ झालं. कार्डाचे दोन गठ्ठे करा, एकावर सी एकावर के, आणि चित्रं वाटायला लावा.

डकचं असं, एका झटक्यात म्हणायचा छोटा शब्द, त्यात आखूड स्वर आणि लगेच शेवटी क् आला की सी-के लिहायचं. डक, बॅक, सॉक, किक, नेक. स्वर दोन अक्षरांनी लिहिला किंवा मधे दुसरं व्यंजन आलं की नुसता के, बुक, मिल्क, पार्क बघा. चिंचोक्यांत सांगायचं तर डकला चिंचोके तीनच, पण शेवटच्या घरात दोन अक्षरं दाटीवाटीने बसतात. तसंच शिपमधे एस-एच एका घरात. आणि बॉक्सला उलटं, आवाज चार, अक्षरं तीनच, एक्स एकटा क् आणि स् दोघांचं काम करतो. हे पोरांना फार गमतीचं वाटतं, वर्गात दंगा व्हायचा.

नदीकाठताई, तुमच्या मुलाला सांगा की मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण लिहिताना ठेवतो आणि बोलताना गिळतो. घर, फूल, आंबट, सगळीकडे तेच. त्याला वेगळा नियम वाटेल, पण दहा शब्द मोठ्याने म्हणून घ्या, कानाला पटेल.

कोकणकडा:

सगळ्यांचं वाचतोय, चांगलं आहे, पण मनापासून एक शंका. आम्ही पाचवीत एबीसीडी शिकलो, बालभारतीच्या पुस्तकातून शब्द पाठ केले, बाईंचा मार खाल्ला आणि आज तीस वर्षं इंग्रजीत नोकरी केली. इंग्रजीला नियम असतो तरी कुठे? नी, नाइफ मधे के कशाला? सेड, वॉज, वन, टू यांचं काय करणार चिंचोक्यांनी? शेवटी पाठच करावं लागतं ना. मग मुलाचा वेळ कशाला घालवायचा.

खडूफळा:

शंका रास्त आहे कोकणकडा. पण तुम्ही पाचवीत होता म्हणजे दहा वर्षांचे होता. मराठी वाचन चार वर्षं मुरलेलं होतं, लक्ष द्यायची सवय लागलेली होती. इथं सात वर्षांची पोर आहे. आणि तुमच्याबरोबर वर्गात जे बसले होते त्यांचं काय झालं ते आठवून बघा. माझ्या वर्गात दरवर्षी पाच-सहा जण असे असायचे की पाठांतर त्यांना झेपायचं नाही आणि इंग्रजीच्या भीतीने ते शाळाच सोडायचे. मला ती मुलं आजही आठवतात.

नी मधला के पूर्वी खरंच म्हणायचे, बोलण्यातून गेला, लिहिण्यात राहिला. तुम्ही म्हणता ते वाकडे शब्द आहेत हे खरं, पण ते पूर्ण वाकडे नसतात. सेड घ्या, एस-ए-आय-डी. एस बरोबर बोलतोय, डी बरोबर बोलतोय, फक्त मधले ए-आय दगा देतात. तर फक्त त्या दोनच अक्षरांखाली लाल रेघ मारायची आणि तेवढंच लक्षात ठेवायचं. चार अक्षरांच्या ऐवजी दोनच पाठ करायची. आणि हॅव, गिव्ह, लव्ह यांच्या शेवटी ई का तर इंग्रजीत व्ही शब्दाच्या शेवटी एकटा उभा राहत नाही, त्याला सोबत लागते. हे एकदा सांगितलं की तीन शब्द एकदम सुटतात.

कोकणकडा:

सेडचं पटलं. नातवाला संध्याकाळी करून बघतो. व्हीचं तर मला आजपर्यंत माहीतच नव्हतं.

पिंपळपान:

+१ सगळ्यांना. आमच्याकडे शेवटच्या ई चं जमलं ते लिहिते. त्याच लग्नपत्रिकेच्या कागदाची लांब पट्टी कापायची, त्यावर एच-ओ-पी लिहायचं आणि उजवीकडे जास्तीचा तुकडा ठेवून त्याच्या पुढच्या बाजूला ई, म्हणजे तुकडा मागे दुमडला की ई दिसत नाही. दुमडलेला असताना वाच, हॉप. उघडला, होप. किट उघडलं की काइट. कॅप उघडलं की केप, टब उघडलं की ट्यूब, पिन उघडलं की पाइन. माझ्या भाचीने पहिल्या दिवशी ती पट्टी इतक्यांदा उघडली मिटली की दुमड फाटली, सेलोटेप लावून परत. ई स्वतः काही बोलत नाही पण मागच्या स्वराला त्याचं नाव घ्यायला लावतो, एवढं वाक्य तिला पाठ आहे.

आणखी एक, व्ही आणि डब्ल्यू. आपल्याला व एकच, त्यामुळे व्हेट आणि वेट आपल्याला सारखेच ऐकू येतात आणि मूल दोन्हीकडे काहीही लिहितं. छोटा आरसा हातात द्यायचा. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकलेले दिसले पाहिजेत, डब्ल्यूला ओठांचा चंबू. कान सांगत नाही ते डोळा सांगतो. आधी आपण स्वतः आरशात करून बघावं लागतं, मला आठवडा लागला.

मोगरा:

मी पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत, इंग्रजी माध्यम. बी आणि डी अजून उलटे. कणकेची अक्षरं केली, रव्यात लिहिलं, सगळं केलं. सॅट, पिन येतं, पण आज आलेलं उद्या पार पुसलं जातं. शाळेत सांगितलं तर "आळशी आहे, तुम्ही लक्ष द्या" असं उत्तर मिळालं. नवरा पण तेच म्हणतो. रात्री झोपताना मुलगा विचारतो मी मठ्ठ आहे का. काय करू कळत नाही.

खडूफळा:

ताई, आधी त्याला जवळ घेऊन सांगा की तू मठ्ठ नाहीस. मग डोळे आणि कान दोन्ही तपासून घ्या, रीतसर डॉक्टरांकडून. ते ठीक निघालं तर अध्ययन अक्षमतेची (डिस्लेक्सिया वगैरे) तपासणी करून घ्या, मोठ्या सरकारी रुग्णालयांतूनही ती होते. सहा-सात वर्षांपर्यंत बी-डी उलटं होणं अगदी नेहमीचं, पण तुम्ही म्हणताय आलेलं रोज पुसलं जातं, त्यामुळे थांबू नका. आपल्या राज्य मंडळात अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती आहेत, पण त्या पुढच्या गोष्टी, मुख्य म्हणजे शिकवायची पद्धत बदलते. आणि ती पद्धत हीच, आवाज, हात, बोट, फक्त जास्त सावकाश आणि जास्त वेळा.

नदीकाठ:

मोगरा, माझ्या मोठ्याला होतं हे. निदान झालं त्या दिवशी मी रडले आणि तो हसला, म्हणाला म्हणजे माझी चूक नव्हती. बी-डीसाठी आम्ही एका वेळी एकच धरलं, सहा आठवडे फक्त बी, डीचं नाव नाही. बी म्हणताना ओठ मिटतात, मिटलेले ओठ म्हणजे सरळ रेघ, तर आधी रेघ मग पोट. बी पक्का झाल्यावर डी आणला. तुम्हाला विपू (विचारपूस) मधे निरोप टाकते, बोलू.

मोगरा:

खूप खूप आभार तुम्हा दोघांचे. डोळ्यांच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतलीये.

उंबरठा:

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी. पॉलिश पेपर आणला, दुकानदाराने विचारलं कुठला नंबर, मी बारीकातला घेतला कारण जाड फार टोचत होता बोटाला. सी-के गठ्ठ्याचा खेळ तीन दिवस चालू आहे. खोट्या शब्दांतला "नप" तिने बरोबर लिहिला, एन-यू-पी, यू सकट, मी मुद्दाम तोच दिला होता.

आणि काल काय केलं सांगू? मी दुपारी पडले होते तर हिने स्वयंपाकघरातल्या वस्तूंना चिठ्ठ्या लावल्या. कपावर कप, जगावर जग, बाथरूममधल्या मगावर मग, सगळीकडे यू जागेवर. टबवर पण. मग मुगाच्या डब्यापाशी येऊन अडली. मला उठवून विचारलं, "आई, मग आणि मूग वेगळे कसे लिहायचे, मूगमधला ऊ लांब आहे ना?" मी ओ-ओ दाखवले, दोघं एकाच घरात बसतात म्हणून सांगितलं, तिने चिंचोके घेऊन तीनच आहेत याची खात्री केली आणि मगच चिठ्ठी लिहिली.

साखरेच्या डब्यावर मात्र एस-एच-यू-जी-आर आहे. मी अजून दुरुस्त केलेलं नाही. गुरुजी, शुगरमधे नुसत्या एसचा श् का होतो, आणि असे अजून किती शब्द आहेत?

खडूफळा:

सुरुवातीलाच असा एस असलेले रोजच्या वापरातले दोनच, शुगर आणि शुअर. पूर्वी त्यात स् च्या मागे य् होता, स्यू असं काहीतरी, भरभर बोलता बोलता त्याचा श् झाला. एसखाली लाल रेघ मारा. शेवटच्या ए-आरचं सध्या राहू द्या, चिठ्ठी काढू नका, तिलाच कधीतरी पाकिटावरचा शब्द दिसेल.